ब्लाउजपीसचा भ्रमणवेग

"कांदा नको," ताजणे सर म्हणाले.

रोहिणी बोरस्तेने पुढचा शब्द काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी हात वर केला. "द्राक्षंही नकोत. टोमॅटो नको, डाळिंब नको, आणि कुंभमेळ्याचे अर्थव्यवस्थेवरील परिणाम तर मुळीच नकोत."

नाशिकमध्ये अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं दुःख बाहेरच्यांना कळायचं नाही. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातल्या त्या खोलीत सरांच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात कित्येक वर्षांचे शोधनिबंध कोंबून भरले होते. 'कांद्याच्या भावातील चढउतार : एक अभ्यास', 'कांद्याच्या भावातील चढउतार : एक दृष्टिक्षेप', 'कांद्याच्या भावातील चढउतार : काही विचार'. भाव चढो की उतरो, निबंध तोच. मधल्या एखाद्या पानावर आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं नावसुद्धा तसंच राहून गेलेलं असे. सर सज्जन होते, निवृत्तीला आले होते, आणि जाता जाता एक तरी कांदा नसलेला निबंध वाचायला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

रोहिणीची इच्छा त्याहून साधी होती. तिला बी.ए. व्हायचं होतं. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर लग्न ठरलं, "परीक्षा काय, नंतरही देता येईल" असं सासर-माहेर दोन्हीकडून सांगण्यात आलं, आणि ते 'नंतर' एकदम मुलगी पुण्याला नोकरीला लागल्यावर उगवलं. मग तिने या केंद्रात नाव घातलं, सगळे पेपर सोडवले, संख्याशास्त्रसुद्धा काठावर का होईना पार केलं. राहिला होता तो हा शोधनिबंध. नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. निबंध मंजूर झाला तर पदवी, नाही झाला तर पुन्हा पहिल्या वर्षापासून, असं खिडकीतल्या कारकुनाने तिला अतिशय आनंदी चेहऱ्याने सांगितलं होतं.

पंचवटीतल्या श्रीरंग सोसायटीत ही बातमी तिने कोणालाही सांगितली नव्हती. तिच्या नवऱ्याने मात्र सगळ्यांना सांगितली होती. प्रफुल्ल बोरस्ते ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअर विभागात होते आणि सोसायटीचे सेक्रेटरीही होते. एकदा माणूस सेक्रेटरी झाला की घरातली गोष्ट घरात ठेवणं त्याला जमत नाही. "आमच्या मिसेस रिसर्च करतात," असं त्यांनी पाण्याच्या टँकरवाल्यालाही सांगितलं होतं. त्यामुळे विषय सुचवणाऱ्यांची जिन्यात रीघ लागली. कातकाडे वहिनी म्हणाल्या, ऑनलाइन साड्यांवर लिही, त्यात फसवणूक फार आहे. तळमजल्यावरच्या विमलाबाई निमसे मूळच्या सिन्नरकडच्या. त्या म्हणाल्या, "बिबट्यावर लिही."

"मावशी, बिबट्या अर्थशास्त्रात बसत नाही."

"न बसायला काय झालं? माझ्या भावजयीच्या दोन शेळ्या नेल्या त्यानं. नुसकान न्हाय का ते? लय मोठं अर्थशास्त्र हाय त्यात."

रोहिणी जिना चढू लागली.

विषय सापडला तो कपाटासमोर. सोसायटीतल्याच पिंगळे काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, ओटीला ब्लाउजपीस काढायचा होता. रोहिणीने गठ्ठा पलंगावर उलटा केला आणि नेहमीप्रमाणे निवड सुरू केली. हा मोरपंखी कातकाडे वहिनींनी दिलेला, त्या तिथे असणार, हा नको. हा जांभळा खुद्द पिंगळे काकूंचाच, हा तर मुळीच नको. हा पिवळा नणंदेच्या गावचा, हा चालेल. एका हाताने हे चाललं होतं आणि दुसऱ्या हातात पुस्तक होतं, कारण पाठ्यपुस्तकातलं पैशाचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. पैसा म्हणजे काय? जी वस्तू स्वतःच्या वापरासाठी कोणालाच नको असते, पण पुढचा माणूस ती घेईल या भरवशावर प्रत्येकजण निमूट घेतो, तो पैसा. रोहिणीने पुस्तकाकडे पाहिलं. मग पलंगाकडे पाहिलं. मग ती पलंगावरच, त्या गठ्ठ्याच्या शेजारी, हळूच बसली.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने मिळालेला एकही ब्लाउजपीस शिवला नव्हता. कापड आखूड तरी पडतं, नाहीतर रंग कुठल्याच साडीवर जात नाही. तिच्या आईने शिवला नव्हता, सासूने शिवला नव्हता. तरी दर समारंभाला तो येत होता, जात होता, आणि कोणी "नको" म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. हातून हातात पैसा किती वेगाने फिरतो, त्याला पुस्तकात 'भ्रमणवेग' म्हटलं होतं. तिने कागदाच्या माथ्यावर लिहिलं, 'ब्लाउजपीसचा भ्रमणवेग : श्रीरंग सोसायटीचा अभ्यास', आणि आपल्याच अक्षराकडे पाहून तिला एकटीलाच हसू फुटलं. इतकं बरं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

ताजणे सरांनी शीर्षक दोनदा वाचलं. "यात कांदा कुठे येत नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सही केली.

सही झाली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्या लोकांनी कधी कार्यालय पाहिलेलं नसतं. केंद्राच्या संगणकात विषयाचा प्रकार निवडावा लागे : शेती, उद्योग, बँकिंग, सहकार, व्यापार. कारकुनाने बराच वेळ माउस फिरवला. "ब्लाउजपीस म्हणजे कापड. कापड म्हणजे वस्त्रोद्योग. उद्योगात टाकतो." रोहिणी म्हणाली की हे उद्योगात येत नाही. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, संगणकात 'इतर' नाही." त्यामुळे पुढच्या सगळ्या कागदांवर तिचा निबंध वस्त्रोद्योगाचा ठरला आणि यंत्रमागांची माहिती जोडण्याची सूचना तिला दर पंधरवड्याला येत राहिली.

शिवाय ज्या संस्थेत पाहणी करायची तिचं परवानगीपत्र हवं होतं. संस्था म्हणजे श्रीरंग सोसायटी. सेक्रेटरी तिच्यासमोर पोहे खात बसले होते.

"अहो, एक पत्र द्या ना."

"लेखी अर्ज कर," प्रफुल्लराव म्हणाले. "आवक क्रमांक पडेल. कमिटीसमोर ठेवतो. घरचं माणूस म्हणून मला वेगळं काही करता येणार नाही, लोक बोलतात."

तिने अर्ज लिहिला. त्यांनी तो घेतला, त्यावर शिक्का मारला, आणि वर पोह्यांवर लिंबू मागितलं. कमिटीच्या बैठकीत "अर्जदार सौ. बोरस्ते यांची भूमिका तपासून पाहण्यात यावी" असा ठराव होऊन परवानगी मिळाली. अर्जदार सौ. बोरस्ते यांनी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

पाहणी मात्र झोकात झाली. रोहिणी वही घेऊन दारोदार गेली, प्रत्येक घरी चहा झाला, आणि प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं. मिळालेल्या ब्लाउजपीसचं काय करता? शिवते. "आमच्यात दुसऱ्याचं दिलेलं पुढे ढकलायची पद्धतच नाही बाई," कातकाडे वहिनी म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनी दिवाणावरच्या गठ्ठ्यावर हळूच उशी सरकवली. ही उत्तरं खरी मानली, तर श्रीरंग सोसायटीतली प्रत्येक बाई आठवड्याला एक नवा ब्लाउज शिवत होती आणि कोपऱ्यावरचा लेडीज टेलर एव्हाना बंगल्यात राहायला गेलेला असायला हवा होता. तो बिचारा पँटच्या चेन बदलून देण्यावर दुकान चालवत होता.

"माणसं सांगतात एक आणि करतात एक," ताजणे सर म्हणाले. "तुम्ही माणसांच्या मागे लागू नका. वस्तूच्या मागे जा."

वस्तूच्या मागे जायचं तर वस्तू ओळखू यायला हवी. याबाबत घरातल्या तज्ज्ञाने जेवता जेवता मार्गदर्शन केलं. "आमच्याकडे प्रत्येक नगाला नंबर असतो. नंबर नसलेला स्क्रू विमानात जात नाही." रोहिणीला ते पटलं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी तिच्याकडे उद्यापनाचं हळदीकुंकू होतं. त्याआधी तिने नवे ब्लाउजपीस आणले आणि प्रत्येकाच्या आतल्या कोपऱ्यात, सहजी दिसणार नाही अशा बेताने, दोऱ्याच्या गाठी मारल्या. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असं करत सातपर्यंत. मशीनला लाल दोरा लावलेला होता, म्हणून दोरा लाल. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनालाही शिवलं नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात लाल दोऱ्याबद्दल काहीच दिलेलं नव्हतं.

पुढचे दिवस रोहिणीच्या आयुष्यातले सर्वांत मजेचे होते. कुठेही कार्यक्रम असो, ती आधी हजर. "तुम्ही बसा हो, ओट्यांचं मी बघते," म्हणून ती तबकाशेजारी बैठक मारी आणि तांदूळ-सुपारीची जमवाजमव करता करता प्रत्येक ब्लाउजपीसचा कोपरा बोटांनी चाचपून बघे. लोकांना वाटे, काय हौशी बाई आहे. चार गाठींचा हिरवा तिने कातकाडे वहिनींना दिला होता. तो त्यांनी भाचीच्या साखरपुड्यात विहीणबाईंना दिला, विहीणबाईंकडून तो सिन्नरला कोणाच्या तरी वास्तुशांतीला गेला, आणि तिथून विमलाबाईंच्या पिशवीतून, काळीपिवळी जीपमध्ये बसून, पुन्हा श्रीरंग सोसायटीत आला; मधला प्रवास रोहिणीने गप्पांच्या ओघात विमलाबाईंकडून काढून घेतला. त्या महिन्यात तो ब्लाउजपीस रोहिणीपेक्षा जास्त गावं हिंडला. रोहिणी घरी येऊन आलेख काढी आणि आलेख बघून तिला भूक लागे.

आणि मग संक्रांत झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षालीने ब्लाउजपीस उघडला.

हर्षाली आहेर घरून कॉम्प्युटरचं काम करणारी, इमारतीतली सर्वांत आधुनिक सून. तिच्या मुलीला शाळेत वेशभूषा स्पर्धेला भाजीवाली व्हायचं होतं, टोपलीत अंथरायला कापड हवं होतं. घडी उलगडली तर कोपऱ्यात लाल दोरा आणि त्याला पाच गाठी. तिने फोटो काढला आणि 'श्रीरंग सखी' गटावर टाकला. 'मी असलं काही मानत नाही. फक्त विचारतेय. हे काय आहे?'

जगात 'मी मानत नाही' या शब्दांइतकी घबराट दुसऱ्या कशानेच पसरत नाही. अर्ध्या तासात सगळ्या कपाटांतले सगळे ब्लाउजपीस उलगडले गेले. ज्या बायकांनी ते कधीच शिवून टाकल्याचं वहीत लिहून दिलं होतं, त्यांच्याकडेही ते निघाले. कोणाकडे दोन गाठी, कोणाकडे तीन. पिंगळे काकूंकडे सात निघाल्या तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि सुनेने पाणी आणलं. विमलाबाईंनी खालून निरोप दिला, "सात म्हंजी लय वाईट. आमच्याकडं एकीला तीन गाठी आल्या, तर तिची म्हैस आटली." पिंगळे काकूंकडे म्हैस नव्हती, पण त्या दिवशी त्यांचं दूध उतू गेलं आणि तेवढं पुरेसं झालं.

रोहिणी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होती. 'त्या गाठी माझ्या आहेत' एवढं चार शब्दांचं वाक्य लिहायचं होतं. तिने ते लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, तोवर हर्षालीने लिंबाचा फोटो टाकला होता.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले ते तावातावाने. फलकावर सूचना लागली : 'सोसायटीत संशयास्पद गाठी आढळल्यास त्या न सोडवता कार्यालयात जमा कराव्यात.' चौकशी समिती नेमली गेली. कॅमेऱ्याचं चित्रण तपासायचं ठरलं, पण कॅमेरा दिवाळीपासून भिंतीकडे तोंड करून होता.

"अहो," रोहिणीने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. "गाठी मी मारल्यात."

"कशाच्या?"

"तुम्हीच म्हणालात ना, नंबर नसलेला स्क्रू विमानात जात नाही."

प्रफुल्लरावांच्या चेहऱ्यावर एकामागून एक बरंच काही येऊन गेलं. "मी चौकशी समिती नेमलीय गं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "अध्यक्ष मीच आहे." आणि चहा बशीत ओतता ओतता त्यांनी तोडगा काढला. "हे बघ, गप्प बसू. लोक विसरतात. तो निबंध सोडून दे. अजून वेळ आहे, ताजणे सरांच्या पाया पड आणि कांदा घे."

खरं सांगायचं तर दोन दिवस तिने तोच विचार केला. कांद्यावर निबंध एका आठवड्यात होतो, कपाटात हवे तेवढे नमुने होते. पदवी मिळाली असती, आणि सोसायटीत तोंड दाखवायलाही जागा राहिली असती. पण दरम्यान इमारतीत काहीतरी विचित्र घडत होतं. एरवी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांची जिन्यावर नुसती ये-जा असायची. आज हिच्याकडे हळदीकुंकू, उद्या तिच्याकडे. या वर्षी कोणी कोणाला बोलावेना. बोलावलं तर ओटी भरावी लागणार, ओटी भरली तर ब्लाउजपीस द्यावा लागणार, आणि दिला तर घेणारी कोपरा तपासणार. रोहिणीचा आलेख सरळ खाली येऊन तळाला टेकला. ज्या वस्तूचा वेग मोजायचा होता ती वस्तू तिने मोजता मोजता बंद पाडली होती.

भाजी आणायला खाली उतरली तर विमलाबाई बाकावर एकट्याच बसलेल्या. गुडघे दुखत असूनही दर संक्रांतीला सगळे जिने चढणारी ही बाई.

"काय मावशी, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय. पर कोन कोनाला बोलवत नाय आता. निस्ती टीव्ही बघत बसती मी." मग त्या म्हणाल्या, "ज्या बयेनं त्या गाठी मारल्या ना, तिला काय मिळालं गं?"

रोहिणी भाजी न घेताच वर आली. आपल्या पदवीपायी या म्हाताऱ्या बाईचा सणाचा महिना सुना गेला, याची तिला इतकी लाज वाटली की कांद्याचा विचार त्यातच विरून गेला.

रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. चौकशी समितीचे अध्यक्ष घसा खाकरून "आपल्या सोसायटीच्या उज्ज्वल परंपरेला" इथवर आले, तेवढ्यात रोहिणी उभी राहिली. "गाठी माझ्या आहेत," ती म्हणाली. निबंध, भ्रमणवेग, नंबर, मशीनला लावलेला लाल दोरा, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. "करणी नाही, काही नाही. ब्लाउजपीस कुठून कुठे जातो, एवढंच मला बघायचं होतं. मला आधीच बोलायला हवं होतं. माझं चुकलं."

आता ओरडा होणार म्हणून रोहिणीने पदर मुठीत घट्ट धरला. शेवटी कातकाडे वहिनींनी अतिशय सावकाश विचारलं, "म्हणजे रोहिणी, कोणी कोणाचा कोणाला दिला, ते सगळं तुला माहीत आहे?"

"हो," रोहिणी म्हणाली.

सगळ्या बायका आपापल्या चपलांकडे पाहू लागल्या. गाठी कोणी मारल्या हा प्रश्न त्या क्षणी संपला. हर्षालीने मुलीला हाक मारली. पिंगळे काकूंना गॅस बंद केला की नाही ते आठवेना. अध्यक्षांनी सभा संपल्याचं जाहीर केलं तेव्हा ऐकायला फक्त पुरुष उरले होते, आणि त्यांना काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळपासून रोहिणीच्या घरी डबे येऊ लागले. कातकाडे वहिनींकडून गुळाच्या पोळ्या आल्या. पिंगळे काकूंनी थालीपीठं पाठवली. प्रत्येक बाई डबा देऊन दारात थोडी घुटमळे आणि मग आवाज खाली आणून म्हणे, "आमचं नाव नाही ना येणार?" नाव कोणाचंच येणार नाही, अ, ब, क अशीच अक्षरं असतील, असं ऐकल्यावर दुसरा प्रश्न येई, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त आतुरतेने : "आणि मी दिलेला कुठे गेला गं?"

रोहिणीने ते कोणालाच सांगितलं नाही. पण आता खोटं बोलून उपयोग नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मग वही पुन्हा उघडली आणि लोक खरं सांगू लागले. सांगताना हसू लागले. कातकाडे वहिनींनी दिवाणावरची उशी स्वतःच उचलली. विमलाबाई म्हणाल्या, "लिही, माझं तर नावासकट लिही. साठ वर्षांत म्या एकबी शिवला नाय. माझ्या रुखवताचा एक अजून कुठंतरी फिरत आसंल." रथसप्तमीला एकच दिवस उरला होता. त्या एका दिवसात घरोघर हळदीकुंकवं झाली, बायका धापा टाकत वरखाली करत राहिल्या, आणि रोहिणीचा आलेख कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेला.

तोंडी परीक्षा मे महिन्यात आली. परीक्षक बाहेरगावचे, मोठं नाव असलेले. केंद्राने सकाळीच शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला होता आणि ती शाल, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, त्यांच्यासमोर टेबलावर होती. त्यांनी निबंध उघडला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "वस्त्रोद्योगात हा निबंध आहे. यंत्रमागांची आकडेवारी कुठे आहे?"

ताजणे सरांनी डोळे मिटून घेतले. रोहिणीने संगणकातल्या 'इतर'ची हकीकत सांगितली. परीक्षक हसले नाहीत. "हा विषय गंभीर आहे असं तुम्हाला वाटतं? बायकांनी एकमेकींना नको असलेलं कापड द्यायचं. यात अर्थशास्त्र कुठलं? ही तर निव्वळ उधळपट्टी झाली."

त्या क्षणी रोहिणीला दिसलं की पदवी हातातून चालली आहे. पाठ केलेल्या व्याख्या डोक्यातून उडून गेल्या. राहिला तो बाक आणि त्यावर बसलेल्या विमलाबाई.

"सर, मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण माझ्या चुकीने ते कापड फिरायचं थांबलं, तेव्हा इमारतीत कोणी कोणाच्या घरी जाईना. बोलवायला निमित्तच राहिलं नाही. कापड कोणालाच नको होतं, सर. पण ते द्यायला म्हणून ज्या यायच्या, त्या हव्या होत्या. ते मला आलेखात कसं दाखवायचं कळलं नाही, म्हणून शेवटच्या पानावर साध्या भाषेत लिहिलं आहे."

परीक्षकांनी शेवटचं पान काढलं. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं. "बोरस्ते मॅडम, आमच्या घरी एक अख्खं कपाट शालींनी भरलेलं आहे. तीस वर्षांच्या व्याख्यानांच्या. बायको म्हणते, एक तर शाली ठेवा नाहीतर मला. तुमचं शास्त्र यावर काय सांगतं?"

"फिरत्या ठेवा, सर," रोहिणी म्हणाली.

परीक्षक पहिल्यांदा हसले, आणि चांगलेच हसले. त्यांनी सही केली, उठून उभे राहिले, टेबलावरची शाल पिशवीतून काढली आणि घडीसकट तिच्या खांद्यावर ठेवली. "मग इथूनच सुरुवात करतो. अभिनंदन. निबंध उत्तम आहे." ताजणे सर खिडकीपाशी जाऊन रुमाल शोधत होते.

बाहेर प्रफुल्लराव स्कूटर झाडाच्या सावलीत लावून उभे होते. कारखान्यातून अर्धी रजा टाकून आले होते आणि सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, हे त्यांनी तिला नंतर कधीही कळू दिलं नाही.

"झालं?"

"झाले. पास झाले."

त्यांनी रस्त्याकडे तोंड करून दोनदा नाक ओढलं. मग सेक्रेटरी भानावर आले, त्यांनी शालीचा काठ चिमटीत धरून पाहिला. "माल चांगला आहे. जपून पिशवीत घाल, घडी मोडू नकोस. एकतीसला आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ आहे, तिथे होऊन जाईल."

रोहिणीने खांद्यावरून शाल काढली. एवढ्या वर्षांत तिच्या ओटीत, हातात, खांद्यावर जे जे पडलं होतं, ते कोणाची तरी सून म्हणून, कोणाची तरी वहिनी म्हणून, कोणाच्या तरी लग्नात. तिने शाल सरळ झटकून उघडली. लाल-सोनेरी काठ मेच्या उन्हात लखलखला. दोन्ही खांद्यांवरून ती घट्ट लपेटून घेत ती स्कूटरवर मागे बसली.

"अगं, घामाने भिजशील! केवढं ऊन आहे!"

"असू दे," रोहिणी म्हणाली. "आणि पुलावरून नको. भर बाजारातून घ्या."